ट्रेलरमधले चित्र नेमके कोणत्या यंत्रावरचे?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सांगली, मिरज आणि तासगाव भागातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. व्हिडिओ गेमच्या ट्रेलरमध्ये दिसणारे ग्राफिक्स आणि घरच्या यंत्रावर प्रत्यक्ष दिसणारे ग्राफिक्स यांत पडणारा फरक, हा तो विषय. त्यातील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही त्याला वापरलेला पीएस४ (सोनीचे 'प्लेस्टेशन ४' हे टीव्हीला जोडायचे गेमयंत्र, म्हणजे कन्सोल) घेऊन दिला. पुढे एका गेमचा ट्रेलर दाखवून तो मागे लागला, म्हणून बिल घेऊन नवी डिस्क आणली. घरी लावल्यावर ट्रेलरमधले शहर ते हेच का, असा प्रश्न पडला. माणसांचे चेहरे मेणाचे, रस्त्यावर वर्दळ नाही, आणि लांबच्या इमारती गाडी जवळ गेली की अचानक उगवतात. दुकानदार म्हणतो, 'मशीन जुने आहे, गेममध्ये काही दोष नाही.' मुलगा म्हणतो, कंपनीने फसवले. खरे काय मानायचे?
– एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गेमचे आणि कंपनीचे नाव आपण कळवले आहे, परंतु दुसरी बाजू आम्ही ऐकलेली नसल्यामुळे ते येथे छापत नाही. दुकानदाराचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही, पण त्याने आपल्या तक्रारीचे उत्तर मिळत नाही.

पीएस४ हे २०१३ सालचे यंत्र आहे आणि पीएस५ हे २०२० सालचे. कागदावरची गणनक्षमता पाहिली तर पीएस४ची १.८४ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) आणि पीएस५ची १०.२८ टेराफ्लॉप्स आहे, म्हणजे फरक साडेपाच पटींहून अधिक आहे. एकच गेम या दोन्ही यंत्रांवर चालवायचा असेल, तर तो तयार करणाऱ्यांना जुन्या यंत्रासाठी काटछाट करावीच लागते. चित्राचे रेझोल्यूशन, म्हणजे त्यातील ठिपक्यांची संख्या, कमी केले जाते, सावल्यांच्या कडा ढोबळ होतात, रस्त्यावरची माणसे आणि वाहने कमी होतात, आणि लांबच्या वस्तू खेळाडू जवळ येईपर्यंत मांडल्याच जात नाहीत. ही काटछाट म्हणजे लबाडी नव्हे. प्रश्न आहे तो ही काटछाट गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी दाखवली की नाही, एवढाच.

हे लिहिण्याआधी शंभर फुटी रस्त्यालगतच्या एका गेमिंग पार्लरमध्ये एकच गेम दोन्ही यंत्रांवर, एकाच जागी थांबवून शेजारी शेजारी पाहिला. नायिका ओढ्याच्या काठी उभी होती. नव्या यंत्रावर तिच्या कानामागच्या बटांमधले केस सुटे सुटे दिसत होते, तर जुन्यावर त्याच बटा एकत्र चिकटून पट्टीसारख्या झाल्या होत्या. काठावरचे गवत जुन्या यंत्रावर नायिकेपासून काही पावलांवर जाऊन विरळ होत होते, आणि ती पुढे चालली की तिच्याबरोबर गवताची हद्दही पुढे सरकत होती. तरीही जुन्या यंत्रावरचे चित्र वाईट नव्हते, आणि ते वेगळे आहे हे आधी सांगितले असते तर कोणाची तक्रार आली नसती.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे ठरेल असे उदाहरण 'सायबरपंक २०७७' या गेमचे आहे. तो १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी पीसीवरची सुंदर दृश्ये भरपूर दाखवण्यात आली होती, मात्र साध्या पीएस४ वर आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या कन्सोलवर गेम कसा दिसतो हे विक्री सुरू होईपर्यंत नीट दाखवलेच गेले नाही. समीक्षकांना आधी देण्यात आलेल्या प्रती पीसीच्या होत्या, आणि स्वतः चित्रित केलेले दृश्य परीक्षणात वापरण्याची मुभाही त्यांना सुरुवातीला नव्हती. जुन्या कन्सोलवर गेम आश्चर्य वाटावे इतका चांगला चालतो, अशा अर्थाचे विधान हा गेम तयार करणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या प्रमुखांनी नोव्हेंबरमध्ये गुंतवणूकदारांसमोर केले होते. विक्रीनंतर जे दिसले त्यावर इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच कंपनीने माफी मागितली, आणि जुन्या कन्सोलवरची दृश्ये आधी न दाखवल्याचा त्या माफीत स्पष्ट उल्लेख होता. त्याच महिन्यात सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, तो २०२१ च्या जूनमध्ये परत आला. पीएस५ची विक्री भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाली हेही येथे ध्यानात घ्यावे. म्हणजे गेम आला त्या दिवशी आपल्याकडच्या प्लेस्टेशनवाल्यांसाठी जुने यंत्र हेच एकमेव यंत्र होते, आणि नेमके त्याचेच चित्र दडवलेले होते.

ही कंपनी मुळातच अप्रामाणिक होती असेही म्हणता येत नाही. त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, याच कंपनीचा 'विचर ३' निन्टेंडो स्विचवर आला. स्विच हे हातात मावणारे, बेताच्या ताकदीचे यंत्र. त्यावर चित्र हातात धरल्यावर ५४०पी (उंचीत ५४० ओळी) आणि टीव्हीला जोडल्यावर ७२०पी इतकेच असेल, हे कंपनीच्या बाजूने आधीच सांगण्यात आले होते, आणि चित्रेही स्विचवरचीच दाखवली गेली. पीसीच्या मानाने चित्र अंधुक होते, तरीही तो एवढा मोठा गेम खिशात नेता येतो म्हणून लोकांनी आनंदाने घेतला. त्यामुळे 'खरे दाखवले तर विक्री बुडेल' हे कारण आम्हांला फारसे पटत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला नमुना पुढे येतो, तो ज्या पोत्यांचा सौदा चालू आहे त्याच पोत्यांतला असावा लागतो. राजापुरी हळदीचा नमुना दाखवून दुसरेच पोते कोणी गळ्यात मारले, तर 'तुमचा तराजू जुना आहे' असे उत्तर तेथे चालत नाही.

आता आपल्या हक्काबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. वस्तूचे खोटे वर्णन तर तीत येतेच, पण महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हासुद्धा त्या व्याख्येचा स्वतंत्र भाग आहे. आमच्या मते ट्रेलरच्या बाबतीत हाच भाग सर्वाधिक उपयोगाचा आहे, कारण ट्रेलरमध्ये उघड खोटे क्वचितच बोलले जाते आणि जे होते ते बहुधा मौनाने होते. कन्सोलच्या बाबतीत तर या मौनाला सबबही उरत नाही. पीसी प्रत्येकाचा वेगळा, पण साधा पीएस४ सांगलीतला आणि साताऱ्यातला सारखाच असतो, तेव्हा त्यावर आपला गेम कसा दिसतो हे कंपनीला विक्रीआधीच तंतोतंत ठाऊक असते. दडवणे 'हेतुपुरस्सर' होते हे सिद्ध करणे सोपे नाही, हे मात्र मान्य करायला हवे. त्यामुळे डिस्कच्या वेष्टनावर 'पीएस४' असे छापलेले आहे का, आपण पाहिलेला ट्रेलर कोणत्या यंत्रावरचा होता, आणि तसे त्यात लिहिले होते का, हे आधी तपासा. ट्रेलरमध्ये यंत्राचा उल्लेख नसेल आणि वेष्टनावर आपल्या यंत्राचे नाव असेल, तर मुलाच्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे.

प्रश्न : ट्रेलरच्या तळाशी बारीक अक्षरांत 'इन-इंजिन फुटेज', 'कॅप्चर्ड ऑन पीसी', 'नॉट अ‍ॅक्चुअल गेमप्ले' असे काहीबाही येते आणि वाचेपर्यंत निघून जाते. यांतील कोणत्या वाक्यावर किती विश्वास ठेवावा?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : तिन्हींचे वजन सारखे नाही.

'नॉट अ‍ॅक्चुअल गेमप्ले' असे लिहिलेला ट्रेलर निदान प्रामाणिक असतो. तो छोटा अ‍ॅनिमेशनपट समजून पाहावा. अशा चित्रफितीतली एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, तयार व्हायला संगणकाला कित्येक तास लागले तरी चालतात. गेममध्ये मात्र सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी साधारण ३३ मिलिसेकंद मिळतात, आणि ६० फ्रेम हव्या असतील तर जेमतेम १७. या तफावतीमुळेच दोन्ही चित्रांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फसगत होते ती हे वाक्य नसलेल्या ट्रेलरमुळे. २००५ साली अमेरिकेतील ई३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाच्या वेळी सोनीने 'किलझोन'च्या पुढच्या भागाची चित्रफीत दाखवली, आणि पीएस३ वर असे काही दिसणार म्हणून लोक हरखून गेले. ती आधीच तयार केलेली चित्रफीत होती, चालू गेम नव्हता, हे नंतर स्पष्ट झाले. प्रत्यक्ष 'किलझोन २' आला २००९ मध्ये. तो दिसायला खरोखर उत्तम होता, तरी त्याची तुलना त्या जुन्या चित्रफितीशी होतच राहिली.

'इन-इंजिन' हे वाक्य सर्वांत निसरडे आहे. ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधला आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये हे दृश्य तयार केले आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते दृश्य खेळताना तसेच दिसेल, ते आपल्या यंत्रावर त्या वेगाने चालेल, किंवा तो कॅमेरा खेळाडूच्या हाती असेल, यांपैकी कशाचीही हमी त्यात नाही. हे वाक्य दिसले की आम्ही तरी तो ट्रेलर गेमची कथा आणि वातावरण समजून घेण्यापुरताच पाहतो.

'कॅप्चर्ड ऑन' या शब्दांनंतर जे यंत्र येते, ते खरे उपयोगाचे. तेथे नुसते 'पीसी' असेल तर तो पीसी कोणता, हा प्रश्न शिल्लक राहतो, कारण महागड्या ग्राफिक्स कार्डाचा संगणकही पीसीच आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतलाही पीसीच. 'पीएस५' असे स्पष्ट लिहिले असेल तर दावा ठोस होतो. 'जीटीए ६'चा दुसरा ट्रेलर ६ मे २०२५ रोजी आला, तेव्हा तो पीएस५ वर चित्रित केल्याचे सांगण्यात आले, आणि त्यात प्रत्यक्ष खेळ व कथादृश्ये निम्मी निम्मी असल्याचाही खुलासा झाला. मात्र त्यातले कोणते दृश्य खेळातले आणि कोणते कथेतले, हे ट्रेलर पाहताना कळत नाही. तरीही असे तपशील देण्याची प्रथा रुळावी, असे आम्हांला वाटते.

ब्रिटनमधील जाहिरात मानक प्राधिकरणापुढे आलेली दोन प्रकरणे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. 'एलियन्स : कलोनियल मरीन्स' हा गेम २०१३ मध्ये आला, तेव्हा आधी दाखवलेली दृश्ये आणि हाती पडलेला गेम यांतील तफावतीबद्दल तक्रारी झाल्या. ही दृश्ये अंतिम गेममधली नाहीत असे ट्रेलरमध्ये नमूद करायला हवे होते, हे तो गेम बाजारात आणणाऱ्या सेगा कंपनीने तेथे मान्य केले. उलट 'नो मॅन्स स्काय'च्या स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरील जाहिरातीविरुद्धच्या तक्रारी २०१६ मध्ये फेटाळण्यात आल्या. ग्राफिक्सबाबतचे एक कारण असे की पीसीवर चित्र कसे दिसेल ते आपापल्या संगणकावर अवलंबून असते, याची ग्राहकांना सर्वसाधारणपणे कल्पना असते. हे कारण पीसीपुरते योग्यच आहे. तेच कन्सोलला लावू नये, याची कारणे वरच्या उत्तरात आली आहेत.

बारीक अक्षरांबद्दल आपल्याकडेही नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत व त्याच अक्षरप्रकारात असावा, तो ठळकपणे दिसावा, आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्यासाठी खुलाशाचा आधार घेऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. ट्रेलरच्या तळाशी करड्या रंगात क्षणभर चमकून जाणारी ओळ या कसोटीवर कितपत उतरते, हे आपणच ठरवा.

वाक्यांपलीकडे आणखी एक गोष्ट पाहावी. ट्रेलरमध्ये एकेक दृश्य दोन-तीन सेकंदांत बदलते, त्यामुळे खेळताना जे दोष उघडे पडतात, म्हणजे चित्र अडखळणे किंवा वस्तू अचानक उगवणे, ते संकलनात आपोआप झाकले जातात. कापाकापी न केलेले दहा मिनिटांचे दृश्य जेथे मिळेल तेथे तेच पाहा. ब्रिटनमधील डिजिटल फाउंड्रीसारखे विश्लेषक एकाच गेमच्या निरनिराळ्या यंत्रांवरील आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून रेझोल्यूशन आणि फ्रेमचा वेग मोजून दाखवतात. त्यांचे भाषण तांत्रिक असले तरी चित्रे पाहूनही बरेच उमगते.

प्रश्न : कन्सोल आमच्याकडे कोणाजवळ नाही, सगळे मोबाईलवरच खेळतात. मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातीत एक गेम दिसतो आणि डाउनलोड केल्यावर भलताच निघतो. शिवाय मित्राच्या महागड्या फोनवर जो गेम झकास दिसतो, तोच माझ्या फोनवर फिकट का दिसतो?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांतली पहिलीच फसवणुकीची आहे.

जाहिरातीत एक खेळ आणि आत दुसराच, या प्रकारात ग्राफिक्सचा प्रश्नच येत नाही. तेथे वस्तूच बदललेली असते. 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या गेमच्या अशाच दोन जाहिरातींवर ब्रिटनमध्ये २०२० साली बंदी आली. 'सर्व चित्रे प्रत्यक्ष खेळातली नाहीत' अशा अर्थाची ओळ जाहिरातीत होती, पण तेवढ्याने भागत नाही असा निर्णय झाला. आपल्याकडे अशा जाहिरातीची तक्रार एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेकडे संकेतस्थळावरून करता येते. जाहिरात पुन्हा दिसेलच याचा भरवसा नसतो, म्हणून दिसताक्षणी स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवावी.

दुसऱ्या तक्रारीत कंपनीचा दोष थोडा आहे. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) यासारख्या गेममध्ये 'स्मूथ', 'बॅलन्स्ड', 'एचडी', 'एचडीआर' असे पर्याय असतात आणि फोनची ताकद पाहून त्यांतले वरचे पर्याय उघडतात किंवा बंद राहतात. त्यात उष्णतेची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटे खेळल्यावर फोन तापतो, मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळू लागतो. फोनच्या दुकानात गेम दोन मिनिटे चालवून दाखवतात, त्यात हे कधीच दिसत नाही. त्यामुळे फोन गेमसाठी घ्यायचा असेल तर ओळखीच्या कोणाकडे तोच फोन अर्धा तास खेळून पाहावा. कंपनीचा दोष एवढाच की प्रचाराच्या चित्रफितींत वरच्या पर्यायातली दृश्ये असतात आणि आपल्याकडचे बहुसंख्य खेळाडू खालच्या पर्यायावर खेळतात.

प्रश्न : मला पुढे गेम तयार करण्याच्या क्षेत्रात जायचे आहे. कंपन्या सुरुवातीपासून खरेखुरे ग्राफिक्सच का दाखवत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : कारण गेम अर्धवट असतानाच तो दाखवावा लागतो, आणि अर्धवट गेम पाहण्याची सवय प्रेक्षकांना नाही. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२० मध्ये 'हेलो इन्फिनिट'चा प्रत्यक्ष खेळ दाखवला. दृश्ये सपाट होती, आणि एका शत्रूचा निर्विकार चेहरा इतका गाजला की लोकांनी त्याचे 'क्रेग' असे नामकरण करून त्याच्यावर असंख्य विनोद केले. पुढच्याच महिन्यात गेम लांबणीवर पडला आणि अखेर ८ डिसेंबर २०२१ रोजी आला. म्हणजे जे होते ते दाखवल्याचा फायदाच झाला, चुका सुधारायला वर्ष मिळाले. पण त्या आठवड्यात कंपनीची जी थट्टा झाली ती पाहून दुसऱ्या एखाद्या स्टुडिओने काय धडा घेतला असेल, याची कल्पना करता येते. थट्टा करणाऱ्यांत ट्रेलर खोटे असतात म्हणून एरवी ओरडणारे खेळाडूही होते.

शिवाय प्रत्येक तफावत लबाडीतूनच येते असे नाही. तीन-चार वर्षे आधी दाखवलेले दृश्य शहराच्या एका चौकापुरते बांधलेले असते. सगळे शहर उभे राहिल्यावर तोच प्रकाश आणि तेवढीच गर्दी सर्वत्र परवडत नाही. 'वॉच डॉग्स'चे २०१२ मधले प्रात्यक्षिक आणि २०१४ मध्ये आलेला गेम यांतील फरकावर पुष्कळ वाद झाला, त्यामागे हे कारणही होतेच. आमचा आक्षेप जुन्या दृश्याला नाही. गेम विक्रीला आल्यानंतरही तेच दृश्य जाहिरातीत वापरत राहण्याला आहे. आपण या क्षेत्रात गेलात तर प्रत्येक यंत्रावरचे एक न कापलेले दृश्य विक्रीआधी प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरा. त्याला खर्च फारसा येत नाही.

प्रश्न : न आवडलेल्या गेमचे पैसे परत मिळतात का? तक्रार कोठे करावी?
– विश्रामबाग व मिरज येथील काही वाचक

उत्तर : स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेले असेल तर पैसे परत मिळतात, मग कारण काहीही असो. त्यामुळे पहिल्या तासाभरातच गर्दीच्या जागी जाऊन गेम आपल्या संगणकावर कसा चालतो ते पाहून घ्यावे. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातही मुदत १४ दिवसांचीच आहे, परंतु गेम डाउनलोड करायला सुरुवात केली की, गेम सदोष असल्याखेरीज, हा हक्क संपतो. याचा अर्थ असा की तेथे चित्र आपल्या डोळ्यांनी पाहून मग निर्णय घेण्याची सोय नाही, आणि म्हणून ट्रेलरच्या खरेपणाला तेथे अधिकच महत्त्व येते. डिस्क दुकानातून घेतली असेल तर दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावे, कारण वेष्टन फोडल्यावर बहुतेक जण परत घेत नाहीत.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्याने काम झाले नाही, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, तेव्हा कंपनी परदेशातली किंवा मुंबईतली असली तरी आपल्याला सांगलीबाहेर जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. बिल, वेष्टनाचा फोटो, ट्रेलरची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आणि आपल्या टीव्हीवरचे त्याच प्रसंगाचे चित्रण एकत्र करून ठेवावे. चित्रण लवकर करावे, कारण पुढच्या अपडेटनंतर गेमचे रूप बदलते आणि खरेदीच्या दिवशी काय दिसत होते ते दाखवता येत नाही.